सुधारित आवृत्ती

पहिला फोन मांटुग्यासाठी आला.

जुन्या पटावर तसंच छापलं होतं,
अनुस्वार एक घर मागे राहिलेला,
फासा एकाने कमी पडावा तसा.
पन्नास वर्षं कुणी हलवला नव्हता.
मी माउसच्या एका टिचकीत पुढे नेला, जागेवर ठेवला,
मनात म्हटलं, झालं एकदाचं शुद्ध.

"हे माटुंगा कुठलं?" मृदुला तेलंग विचारत होत्या.
"मी मांटुगा घेतला होता चारशेला,
ह्यांच्याकडून, लग्नाच्या आधी.
परत मागत होते शेवटपर्यंत. दिला नाही.
आता तुम्ही कोण तो पुसणाऱ्या?"

मशीद बंदरचा गाळा. खाली सुकामेवा, वर आम्ही,
खेळांच्या खोक्यांनाही बेदाण्यांचा वास.
धाकटे वखारिया म्हणाले होते, सौदागर तरुण करा.
केला.
लाकडी घरं काढली, काचेसारखे दिसणारे मनोरे आणले,
किमतींना शून्यं लावत गेले,
शेवटच्या घरात मावेनात तेव्हा लिहिलं, 'कोटी'.
तुरुंगाच्या जागी सिग्नल.
कांद्याच्या सालीसारख्या गुलाबी नोटा गेल्या,
बटनं दाबायचं यंत्र आलं, सोबत दोन सेल.

वाकोल्याचे एरिक डिमेलो जिना चढून आले,
यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं.
"मला खेळात गती नव्हती," म्हणाले,
"म्हणून सगळ्यांनी मला बँक केलं.
सात भावंडांत माझ्याकडे हात पसरून यायचे, बाई,
फक्त रविवारी."
आणि यंत्र टेबलावर अगदी हलकेच ठेवलं,
जणू त्याला झोप लागली असावी.

आवडलाही पुष्कळांना. ते फोन करत नाहीत.
एका मुलाने पत्र पाठवलं, वहीच्या पानावर:
खेळ मस्त आहे. पण लवकर संपतो.
बाबा घरी यायच्या आधी.

मग काळाचौकीहून किसन घाडी.
"संपाची चिठ्ठी दिसत नाही."
मी तोंडपाठ उत्तर दिलं:
गिरणीचं घर काढलं, तिथे मॉल आहे,
त्यामुळे 'संप चालू, तीन डाव बाहेर बसा' ही चिठ्ठी
संदर्भहीन ठरते.
बैठकीत हाच शब्द वापरला होता, संदर्भहीन.
पलीकडे प्रेशर कुकरची शिट्टी झाली. ते थांबले.

"ती चिठ्ठी आम्ही कधीच खेळलो नाही," म्हणाले.
"बाबा पटावर बसायला आले, की आई
गड्डीतून ती हळूच काढायची,
ब्लाउजमध्ये खोचायची.
बाबांना ठाऊक होतं. आम्हालाही.
कुणी बोलायचं नाही, फासा पडायचा.
परवा नातीसाठी तुमचा नवा डबा उघडला,
सवयीने गड्डी चाळली.
काढायला काहीच नाही.
अहो, खेळ सुरू कसा करायचा?"

मला यावर काही सांगता आलं नाही.
तक्रारींच्या तक्त्यात तीन रकाने आहेत:
किंमत, दर्जा, सुटे भाग.
मी 'सुटे भाग'वर खूण केली.

धाकटे वखारिया म्हणाले, एका चिठ्ठीसाठी साचा?
मग मी घरच्याच प्रिंटरवर छापली,
जुन्या पिवळ्याच्या जवळचा पिवळा शोधत
संध्याकाळ गेली.
कोपरे कात्रीने गोल केले, एक नीट झाला नाही.
वर गिरणीचं चित्र हवं होतं. तिचं धुराडं
मला आठवेना, मी ज्या रस्त्याने रोज जाते
त्याच रस्त्यावर होतं म्हणतात.
तेवढी जागा कोरी सोडली.

पाकिटावर पत्ता लिहिताना वाटलं,
आत आणखी एक ओळ टाकावी, दिलगिरीची वगैरे.
टाकली नाही.

मांटुग्याचा निर्णय पुढच्या छपाईला होईल.
फाईल उघडीच आहे पडद्यावर.
अनुस्वारावर बाण नेते,
धरते,
आणि कुणाची पाळी आहे ते विसरते.